तीन विषय, एक आकडा: अनेक क्षेत्रांत काम करणाऱ्या संशोधकाची सायटेशन कशी वाचावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळ शिक्षण संख्याशास्त्राचे. पंधरा वर्षांत ५८ पेपर, त्यांपैकी २७ साथरोगशास्त्रात, १९ संख्याशास्त्रात आणि १२ मशीन लर्निंगमध्ये. गुगल स्कॉलर या शोधसेवेवर एकूण २,९०० सायटेशन (म्हणजे इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) आणि एच-इंडेक्स हे माप २४, स्कोपस या संशोधन-डेटाबेसवर मात्र १७. बढतीच्या मुलाखतीत एका सदस्यांनी विचारले, "तुमचा नेमका विषय कोणता?" दुसऱ्यांनी २४ हा आकडा वैद्यकशास्त्रातल्या प्राध्यापकांशी ताडून कमी ठरवला. आता पुढच्या फेरीसाठी हे काम कसे मांडावे आणि यापुढे एकाच विषयाला धरून राहावे का, हे तुम्हाला हवे आहे. सोबत पेपरांची पूर्ण यादी दिलीत हे फार बरे केलेत. त्यामुळे मोघम बोलावे लागणार नाही.

निवड समित्यांसाठी असे अहवाल तयार करणे हेच माझे काम आहे, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. २४ या आकड्याचा बचाव करत बसू नका. तो फोडा. तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्यांनी घेतलेली मापे त्यात एकत्र झाली आहेत. जोवर ती वेगळी होत नाहीत, तोवर तुमच्या बाजूने किंवा तुमच्या विरुद्ध त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

हे तुमच्याच यादीवर पाहू. एच-इंडेक्स २४ म्हणजे किमान २४ सायटेशन असलेले २४ पेपर. तुमच्या यादीत हे २४ कोणते? १७ साथरोगशास्त्रातले, ४ मशीन लर्निंगमधले आणि संख्याशास्त्रातले फक्त ३. आता प्रत्येक विषयाचा एच-इंडेक्स वेगळा काढला तर साथरोगशास्त्राचा येतो १९, संख्याशास्त्राचा ११ आणि मशीन लर्निंगचा ८. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुम्ही फक्त साथरोगशास्त्रात काम केले असते तरी आकडा १९ असता. संख्याशास्त्र आणि मशीन लर्निंगमधल्या ३१ पेपरांनी मिळून त्यात अवघी पाचाची भर घातली. ते पेपर कमी दर्जाचे आहेत म्हणून असे घडलेले नाही. २४ ची रेघ मुळात साथरोगशास्त्राच्या सायटेशनांनी एवढी वर नेली आहे की संख्याशास्त्रातले चांगले पेपर तिच्याखाली राहतात. तुमचा २०१४ चा दोन लेखकांचा पेपर, गहाळ नोंदींसाठीच्या अनुमानपद्धतीवरचा, गुगल स्कॉलरवर २१ वर आहे. एच-इंडेक्सच्या हिशेबात तो असून नसल्यासारखा. माझ्या मते तो तुमच्या यादीतला सर्वांत भक्कम पेपर आहे. त्याच्याकडे पुन्हा येईन.

एच-इंडेक्स काढणारे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये ज्या निबंधात तो मांडला, त्याच निबंधात हा फरक दिसतो. त्यांच्या नोंदीनुसार भौतिकशास्त्रात वरच्या टोकाला एडवर्ड विटेन होते, एच ११०; जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर, एच १९१. स्नायडर हे विटेन यांच्याहून पावणेदोन पटींनी मोठे शास्त्रज्ञ आहेत असा याचा अर्थ कोणी लावणार नाही. जीवशास्त्रात सायटेशनच जास्त होतात, एवढेच त्यातून कळते. तरीही समितीच्या टेबलावर आकडा आला की ही गोष्ट विसरली जाते आणि संख्याशास्त्रज्ञाला वैद्यकाच्या पट्टीने मोजले जाते.

विषयागणिक एवढा फरक का पडतो, हे समितीला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे, म्हणून कारणे सांगतो. सर्वांत मोठे कारण संदर्भसूचीची लांबी. ज्या विषयात पेपरच्या शेवटी साधारण चाळीस-पन्नास संदर्भ देण्याची रीत आहे, तिथे वाटपाला सायटेशनच जास्त असतात. गणितात वीसभर संदर्भांचा पेपरही पूर्ण समजला जातो. दुसरे कारण वेग. वैद्यकाकडच्या विषयांत नवा पेपर दोन-तीन वर्षांत भरभरून सायट होतो आणि मग मागे पडतो. गणित-संख्याशास्त्रात पहिली पाच वर्षे शांततेत जातात आणि पंधराव्या वर्षीही पेपर सायट होत राहतो. म्हणून कमी कालावधीचे कोणतेही माप, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरचे (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात याचे) दोन वर्षांचे मापही त्यातच आले, संथ विषयांना मारक ठरते. तिसरे कारण, त्या विषयातले संदर्भ डेटाबेसमध्ये येतात का? जिथे पुस्तकांना किंवा कॉन्फरन्सना महत्त्व आहे, तिथले बरेच काही डेटाबेसमधून निसटते. ग्रिगोरी पेरेलमन यांनी गणितातली प्वांकारे अटकळ सोडवणारे तीन निबंध २००२ आणि २००३ मध्ये फक्त आर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या (छापण्याआधीच्या मसुद्यांच्या) साठ्यावर ठेवले, जर्नलला पाठवलेच नाहीत. जर्नलमध्ये छापलेले पेपर मोजणाऱ्या हिशेबात त्या कामाला जागाच नाही.

एकाच विषयाच्या आतही पेपरच्या प्रकाराने फरक पडतो. ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरचा पेपर तीन लाखांहून अधिक वेळा सायट झाला आहे. 'नेचर'ने २०१४ मध्ये सर्वाधिक सायट झालेल्या शंभर पेपरांची यादी केली तेव्हा तो पहिला होता. डीएनएची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा पेपर त्या शंभरांत नव्हता. पद्धत प्रयोगशाळेत रोज वापरली जाते म्हणून सायट होते. मूलभूत शोध काही वर्षांत पाठ्यपुस्तकात जातो आणि मग त्याचा संदर्भ देण्याची कोणाला गरज वाटत नाही. तुमच्या यादीत पद्धतीचे पेपरही आहेत आणि निष्कर्षांचेही, तेव्हा हा फरक तुम्हालाही लागू आहे.

आता फोड कशी करायची. मूळ कल्पना सोपी आहे: प्रत्येक पेपरची तुलना त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांशी करायची. पेपरची सायटेशन भागिले त्या गटाची सरासरी. उत्तर १ आले तर पेपर सरासरीइतका, २ आले तर दुप्पट. स्कोपसच्या माहितीवर चालणाऱ्या सायव्हॅल या विश्लेषण-साधनात हेच फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट या नावाने मिळते. रादिक्की, फोर्तुनातो आणि कास्तेलानो यांनी २००८ मध्ये दाखवले की असे भागल्यावर निरनिराळ्या विषयांतली सायटेशनची वाटणी बऱ्याच अंशी एकाच वक्रावर येऊन बसते. म्हणजे हा भागाकार निव्वळ सोयीसाठी केलेला नाही, त्याला आधार आहे.

तुमच्या दोन पेपरांवर करून पाहू. २०१४ च्या त्या संख्याशास्त्राच्या पेपरला स्कोपसवर १४ सायटेशन आहेत. समजा त्या वर्षीच्या संख्याशास्त्रातल्या पेपरांची सरासरी ८ आहे. भागाकार १.७५. त्याच वर्षीचा तुमचा साथरोगशास्त्रातला पेपर ३० वर आहे आणि समजा त्या गटाची सरासरी २५ आहे. भागाकार १.२. कच्च्या आकड्यांत दुसरा पेपर दुपटीने पुढे, भागाकारानंतर पहिला पुढे. ८ आणि २५ हे मी उदाहरणापुरते घेतले आहेत. खरे आकडे तुमच्या संस्थेच्या ग्रंथालयाकडून काढून घ्या. एक पथ्य मात्र पाळा: वरचा आणि खालचा आकडा एकाच डेटाबेसमधला हवा. वर गुगल स्कॉलर आणि खाली स्कोपस असा भागाकार मी बऱ्याच अर्जांत पाहिला आहे. तो थेट चुकीचा आहे आणि जाणकार सदस्याच्या एका नजरेत सापडतो. मग बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

पुढचा धोका सरासरीचा. सायटेशनची वाटणी फार तिरपी असते: मूठभर पेपरांना ढीगभर, बाकीच्यांना थोडी, काहींना शून्य. तुमच्या यादीत त्या मोठ्या बहुराष्ट्रीय गटाचा पेपर आहे, २१२ लेखकांचा, १,३४० सायटेशनचा. तुमच्या एकूण २,९०० पैकी ४६ टक्के तो एकटा आणतो. तो धरून ५८ पेपरांची सरासरी काढली तर ती डोळे दिपवील, पण ती तुमच्याबद्दल फारसे सांगणार नाही. म्हणून सरासरीपेक्षा पर्सेंटाइल वापरा: आपापल्या विषयात आणि वर्षात वरच्या दहा टक्क्यांत तुमचे किती पेपर बसतात? कोणतेही ५८ पेपर घेतले तर सरासरीच्या हिशेबाने सहाच्या आसपास बसावेत. तुमचे नऊ-दहा बसत असतील तर ती ठळकपणे सांगण्याजोगी गोष्ट आहे. इथे एका राक्षसी पेपरचे वजन एकच धरले जाते, आणि हेच या मापाचे बळ आहे. विषयवार आकडे देताना मात्र टक्केवारी टाळा. बारा पेपरांत एक पेपर इकडचा तिकडे झाला तर आठ टक्क्यांचा फरक पडतो. "१२ पैकी २" असे लिहिले की वाचणाऱ्याला आकडा किती लहान आहे हेही कळते. शेवटच्या दोन वर्षांतले पेपर या हिशेबातून वगळा आणि वगळले आहेत असे लिहा.

त्या २१२ लेखकांच्या पेपरचे काय करायचे? लपवू नका आणि मिरवूही नका. एकूण सायटेशन दोन्ही तऱ्हांनी द्या: तो धरून २,९००, वगळून १,५६०. यात एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. तो वगळल्यावर बेरीज जवळपास अर्धी होते, पण एच-इंडेक्स फार तर एकाने उतरेल. तेवढ्यापुरता एच-इंडेक्स बेरजेहून शहाणा आहे, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य करावे. त्या पेपरची सायटेशन लेखकांत समान वाटली तर तुमच्या वाट्याला सुमारे ६.३ येतात. २०१४ च्या पेपरची २१ सायटेशन दोघांत वाटली तर १०.५. समान वाटणी हाही अन्यायच आहे, कारण सगळ्यांचे काम सारखे नसते. तरीही दोन पेपरांचे तुमच्यापुरते वजन किती वेगळे आहे ते यातून लख्ख दिसते. लेखकांची संख्या कुठवर जाते, तर २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या ॲटलास आणि सीएमएस या प्रयोगगटांच्या संयुक्त पेपरला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पाने नावे आणि संस्थांची. अशा कामात "मी सहलेखक आहे" या वाक्याला पुढे शेपूट जोडल्याशिवाय अर्थ येत नाही. तुम्ही तिथे नेमके काय केलेत? विश्लेषणाचा आराखडा तुमचा होता, असे तुम्ही लिहिले आहे. मग तेच लिहा. क्रेडिट या पद्धतीत योगदानाचे १४ प्रकार ठरवून दिलेले आहेत. बरीच जर्नल्स ते छापतात, तिथले शब्द जसेच्या तसे घ्या.

लेखकांचा क्रम हीदेखील विषयागणिक बदलणारी भाषा आहे. साथरोगशास्त्रात पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे गटप्रमुखाचे, असे वाचले जाते. गणितात आणि अर्थशास्त्रात पुष्कळदा आडनावाच्या वर्णक्रमाने नावे लागतात. संख्याशास्त्रात दोन्ही रीती दिसतात. तुमच्या १९ पैकी किमान सात पेपरांत वर्णक्रम आहे, आणि तुमचे आडनाव वर्णमालेत मागे असल्याने तिथे तुम्ही शेवटी आहात. वैद्यकातल्या सदस्याला तुम्ही त्या सात पेपरांत गटप्रमुख वाटाल, संगणकशास्त्रातल्या सदस्याला तेच स्थान किरकोळ वाटेल. दोन्ही वाचने चुकीची. यादीत त्या पेपरांपुढे "लेखक वर्णक्रमाने" एवढे दोन शब्द टाका.

दर वर्षी गाजणाऱ्या "जगातले वरचे दोन टक्के शास्त्रज्ञ" या यादीबद्दलही तुम्ही विचारले आहे. जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी २०१९ पासून प्रसिद्ध केलेली ही माहिती स्कोपसवर आधारलेली आहे. त्यातला एकत्रित गुणांक सहा मापांचा आहे: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनुसार सुधारलेला एच, आणि एकट्याने, पहिल्या किंवा शेवटच्या नावाने लिहिलेल्या पेपरांची सायटेशन मोजणारी तीन मापे. स्व-सायटेशन (स्वतःच्याच पेपरांना दिलेले संदर्भ) वगळूनही क्रम दिलेला असतो. हे काम मेहनतीने केलेले आहे आणि नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा कितीतरी बरे आहे. पण तुमच्यासारख्यांना दोन ठिकाणी जपायला हवे. प्रत्येक शास्त्रज्ञाला तिथे एक मुख्य उपविषय चिकटवला जातो आणि त्या उपविषयातल्या इतरांशी तुलना होते. तुमचे २७ पेपर ज्या बाजूला, तिकडे तुम्ही जाणार, म्हणजे संख्याशास्त्रातले कामही साथरोगशास्त्रज्ञांच्या रांगेत उभे राहणार. आणि वर्णक्रमाने नावे लावणाऱ्या विषयांत पहिले-शेवटचे नाव मोजून योगदान कळत नाही.

क्लॅरिव्हेट या संशोधनविषयक माहिती देणाऱ्या कंपनीच्या सर्वाधिक सायट झालेल्या संशोधकांच्या यादीने मात्र ही अडचण ओळखली. २०१८ पासून त्यांनी क्रॉस-फील्ड असा वेगळा गट सुरू केला, कारण अनेक विषयांत विभागलेले उत्तम काम कोणत्याच एका विषयाचा उंबरठा ओलांडत नव्हते. त्यांचा हिशेब शिकण्यासारखा आहे. समजा एका विषयात उंबरठा १२ गाजलेल्या पेपरांचा आहे, दुसऱ्यात ८ चा. कोणाचे पहिल्यात ६ आणि दुसऱ्यात ४ असतील तर दोन्हीकडे तो नापास. पण ६ भागिले १२ म्हणजे अर्धा, ४ भागिले ८ म्हणजे अर्धा, दोन्ही मिळून १. म्हणजे एकाच विषयात उंबरठा गाठणाऱ्याच्या बरोबरीचा. आधी प्रत्येक विषयाच्या पट्टीने भागायचे आणि मगच बेरीज करायची, हा क्रम महत्त्वाचा. तुमच्या समितीने नेमका उलटा क्रम लावला: आधी बेरीज केली आणि मग एका विषयाच्या पट्टीने मोजले.

भागाकाराची पद्धतही निर्दोष नाही, आणि तिचा दोष तुमच्यासारख्यांनाच बोचतो. पेपरचा विषय बहुतेक वेळा तो ज्या जर्नलमध्ये छापला त्यावरून ठरतो. तुमचे चार पद्धतीविषयक पेपर वैद्यकाच्या जर्नलांत आहेत. ते मुळात संख्याशास्त्र आहेत, पण त्यांची तुलना औषधांच्या चाचण्यांशी होईल आणि ते फिके दिसतील. यावर एक उपाय म्हणजे पेपरचा विषय जर्नलवरून न ठरवता त्याच्यासोबत सायट होणाऱ्या पेपरांवरून ठरवणे. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत २०१६ मध्ये तयार झालेला रिलेटिव्ह सायटेशन रेशो असाच चालतो आणि आयसाइट या तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. पण तिथे फक्त पबमेड या वैद्यकीय डेटाबेसमधले पेपर आहेत, म्हणजे तुमच्या १९ पैकी बहुतेक बाहेर. त्या चार पेपरांसाठी तो वापरा, बाकीच्यांसाठी नको. मापे दोन प्रकारची झाली तरी चालेल. कोणते कुठे वापरले ते सांगितले की झाले.

गुगल स्कॉलरवर २४ आणि स्कोपसवर १७ का, याचे उत्तर लांबवत नाही. गुगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, अहवाल, पुस्तके, कॉन्फरन्स सगळे मोजते. स्कोपस निवडक जर्नल्स, कॉन्फरन्स आणि पुस्तके. दोन्ही आपापल्या जागी खरे. पण तुमचे प्रोफाइल मी पाहिले आणि त्यात सफाईची गरज आहे. तुमच्याच आडनावाच्या आणि आद्याक्षराच्या दुसऱ्या कोणाचे पदार्थविज्ञानातले तीन पेपर तिथे आले आहेत. पेपर आपोआप जोडू देण्याऐवजी आधी ईमेलने विचारण्याचा पर्याय निवडा आणि ते तीन आजच काढून टाका. दुसऱ्याचे सायटेशन आपल्या खात्यात दिसणे ही तांत्रिक चूक असली तरी समितीला ती लबाडी वाटू शकते. दोन पेपरांच्या प्रीप्रिंट आणि छापील प्रती वेगळ्या नोंदल्या गेल्या आहेत, त्या एकत्र करा. स्कोपसवर उलट अडचण आहे: तुमची दोन लेखक-खाती झाली आहेत आणि सहा पेपर दुसऱ्या खात्यात अडकले आहेत. ऑर्किड या संशोधकांच्या ओळख-नोंदीचा सोळा अंकी क्रमांक जोडून ती एक करून घ्या. ही सफाई होईपर्यंत कोणताही आकडा कोणाला देऊ नका, कारण २४ आणि १७ दोन्ही बदलतील. वर मी केलेला हिशेबही त्यानंतर पुन्हा करावा लागेल.

आता "तुमचा नेमका विषय कोणता?" हा प्रश्न. मला तो रास्त वाटतो आणि त्याचे उत्तर तुमच्याकडे आहे, फक्त एच-इंडेक्समध्ये नाही. तुम्हाला कोण सायट करते ते पाहा. २०१४ च्या पेपरची २१ सायटेशन मी एकेक उघडून वाचली. त्यांपैकी नऊ संख्याशास्त्रातली, सात साथरोगशास्त्रातली, तीन अर्थशास्त्रातली आणि दोन पर्यावरणशास्त्रातली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती पेपरात कुठे आहेत. १३ पेपरांत तुमचा संदर्भ पद्धतींच्या विभागात आहे, म्हणजे लोकांनी ती पद्धत प्रत्यक्ष वापरली. प्रस्तावनेत कंसात पाच नावांच्या ओळीत आलेले सायटेशन आणि "आम्ही ही पद्धत वापरली" असे म्हणणारे सायटेशन, डेटाबेस दोन्हींना एकच मोजतो. तुम्ही मोजू नका. याउलट २१२ लेखकांच्या पेपरची पन्नासेक सायटेशन वाचली, ती जवळजवळ सगळी प्रस्तावनेत रोगाचे प्रमाण सांगण्यासाठी होती. यावरून तुमचा विषय दिसतो: अपुऱ्या नोंदींवरून भरवशाचे अनुमान काढणे. साथरोग हे त्याचे मोठे क्षेत्र, मशीन लर्निंग हे त्याचे एक साधन. मुलाखतीत हे दोन वाक्यांत सांगा आणि वरचे आकडे पुढे ठेवा.

विषयांच्या सीमेवरच्या कामाला सुरुवातीला कमी भाव मिळतो, याला पुरावा आहे. वांग, व्ह्यूगलर्स आणि स्टीफन यांनी २०१७ मध्ये दाखवले की नवी जुळणी करणारे पेपर लवकर सायट होत नाहीत, कमी इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलांत छापले जातात, त्यांना सायट करणारे बहुधा परक्या विषयांतले असतात, आणि दीर्घ काळात मात्र ते सर्वाधिक सायट होणाऱ्यांत जाण्याची शक्यता जास्त असते. ब्रॉमहॅम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधन निधीचे अर्ज तपासले, तर जेवढे आंतरविद्याशाखीय तेवढे यश कमी, असे दिसले. हे समितीला सांगायला हरकत नाही, पण त्याची ढाल करू नका. अनेक विषयांत पेपर असणे हा स्वतःहून गुण नाही. तुमच्याच यादीत मशीन लर्निंगचे पाच पेपर असे आहेत की तयार मॉडेल पाच वेगवेगळ्या रोगांच्या माहितीवर चालवून अचूकता छापली आहे. त्यांना मशीन लर्निंगचे संशोधन म्हणू नये. ते साथरोगशास्त्रातले उपयोजन आहे. तिकडे हलवा. मग मशीन लर्निंगचे सातच उरतील, पण त्या सातांवर कोणी बोट ठेवणार नाही.

मांडणी एका पानाची करा. लंडनच्या रॉयल सोसायटीने २०१९ मध्ये संशोधकांसाठी कथनाच्या रूपातला परिचय सुचवला, त्याचा ढाचा तुम्हाला सोयीचा पडेल: ज्ञानात काय भर घातली, माणसे कशी घडवली, संशोधनविश्वासाठी आणि समाजासाठी काय केले. पहिल्या भागात पाच पेपर निवडा आणि प्रत्येकाखाली तीन-चार ओळी: प्रश्न काय होता, तुमचा वाटा काय, कोणी वापरले. आकड्यांचा छोटा तक्ता त्यानंतर, विषयवार. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर पेपरपुढे लिहू नका; तो जर्नलचा गुण आहे आणि मूठभर पेपरांवर उभा असतो. संशोधनाच्या मूल्यमापनावरचा २०१२ चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा हेच सांगतो, आणि विषयानुसार मापे बदलतात हे २०१५ च्या दहा कलमांच्या लायडन जाहीरनाम्यात स्पष्टच आहे. तुमच्या संस्थेने सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यावर सही केली आहे, असे तुम्ही कळवले आहे. मग वैद्यकाशी केलेली ती कच्ची तुलना संस्थेच्या स्वतःच्या शब्दाशी विसंगत आहे, आणि तसे नम्रपणे लेखी मांडण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

स्व-सायटेशनची काळजी करू नका. तुमची ती थोडी आहेत आणि पद्धतीचा पेपर पुढच्या कामात सायट करणे साहजिक आहे. प्रमाण विचारले तर सांगा. आकडे फुगवण्याचे प्रकार एवढे वाढले आहेत की क्लॅरिव्हेटने २०२३ मध्ये गणित हा विषय आपल्या यादीतून वगळला. तेव्हा समितीतल्या कोणी शंका घेतली तर ती मनाला लावून घेऊ नका.

यापुढे एकाच विषयात राहावे का, तर सायटेशनसाठी विषय बदलू नका आणि त्यासाठी एकाच विषयाला चिकटूही नका. छापण्याची जागा मात्र विचाराने निवडा. नवी पद्धत असेल तर ती आधी संख्याशास्त्राच्या जर्नलला पाठवा, जिथे तिचे गणित तपासणारे परीक्षक मिळतील, आणि उपयोजन वेगळा पेपर म्हणून साथरोगशास्त्रात द्या. दोन्ही एकत्र कोंबून वैद्यकाच्या जर्नलमध्ये दिले की पद्धत परिशिष्टात जाते आणि तिथून तिला कोणी शोधत नाही. तुमच्या त्या चार पेपरांचे हेच झाले आहे. आणि २०१४ च्या पद्धतीचे जे सॉफ्टवेअर पॅकेज तुम्ही लोकांसाठी खुले केले आहे, त्याच्या पहिल्या पानावर कोणता पेपर सायट करावा हे आज कुठेच लिहिलेले नाही. वापरणारे पॅकेजचे नाव मजकुरात घेतात आणि संदर्भसूचीत काही टाकत नाहीत. मला शोधताना असे सहा पेपर सापडले. ती ओळ या आठवड्यातच घाला.